तळघरातली रेल्वे आणि हिवाळ्याच्या गप्पा

मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन या अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत घराचा पाया किती खोल घ्यायचा हे हिवाळा ठरवतो. जमिनीतलं पाणी जिथपर्यंत गोठतं त्याच्या खाली पाया न्यावा लागतो. नाहीतर गोठून फुगलेली माती घर उचलते आणि भिंतींना तडे जातात. मिनेसोटाच्या दक्षिण भागात ही खोली साडेतीन फूट धरतात, उत्तरेला पाच फूट. एवढं खणायचंच आहे तर आणखी थोडं खणून घराखाली सबंध खोलीच काढावी, हा हिशेब तिथल्या बांधकामात मुरलेला आहे. म्हणून तिकडे साध्या नोकरदाराच्या घरालाही तळघर असतं, आणि वर्षाचे चार-पाच महिने बाहेर बर्फ असल्यामुळे त्या तळघरात उतरायला वेळही असतो. मॉडेल रेल्वेचा छंद जगभर आहे. पण खोलीभर पसरलेले डोंगर, यार्डं, कारखाने आणि त्यांच्यामधून धावणाऱ्या, मूळ आकाराच्या ८७ पट लहान मालगाड्या असं जे रूप त्याला अमेरिकेत आलं, त्यामागे ही गोठणारी जमीन आहे. ब्रिटनमध्ये तळघरं कमी, म्हणून तिथल्या हौशी मंडळींनी घडी करून कपाटात ठेवता येतील अशा स्थानकांचे नकाशे काढले. सिरिल फ्रीझर यांनी १९५७ साली आखलेलं ‘मायनरीज’ हे त्यातलं सर्वांत गाजलेलं. अमेरिकेत मात्र ऑक्टोबर ते एप्रिल हा या छंदाचा हंगामच मानतात. मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्ट स्प्रिंगफील्डचं मोठं रेल्वे-प्रदर्शन जानेवारीच्या अखेरीला, ऐन कडाक्यात भरतं.

या हंगामात चार हौशी माणसं एकत्र आली की बोलणं ठरावीक गोष्टींवर येतं: थंडी किती पडली, कुठलं नवं हत्यार घेतलं, सध्या कुठलं काम हातात आहे. बाहेरच्या माणसाला ही वेळ घालवायची बडबड वाटते, आणि छंद म्हणजे शेवटी तयार झालेला देखावा, असं तो धरून चालतो. मला हे पटत नाही. देखावा पाडला जातो, विकला जातो, घर बदललं की मोडावा लागतो. टिकतं ते या गप्पांतून साठलेलं ज्ञान. हाताने काम करणारी माणसं एकमेकांचे अनुभव ऐकून घेतात, ताडून पाहतात, आणि सगळ्यांना लागू पडेल असा नियम त्यातून काढतात. ना पगार, ना परीक्षा, ना वरिष्ठांचा हुकूम. हे आज फार थोड्या ठिकाणी उरलं आहे, म्हणून त्याकडे नीट पाहायला हवं.

आधी हवा, कारण तिथे हे सर्वांत स्वच्छ दिसतं. ऑक्टोबरात सुतासारखा सरळ टाकलेला रूळ जानेवारीत एके दिवशी कमरेत वाकलेला आढळतो. गाल टेबलाला टेकवून रुळाच्या पातळीवरून पाहिलं की वाकडेपणा लपत नाही. दोन खिळ्यांमधला भाग एका बाजूला सरकलेला असतो आणि स्लीपरांवरच्या प्लास्टिकच्या चिमुकल्या पकडी उचकटलेल्या असतात. पहिला संशय धातूवर जातो. उष्णतेने धातू प्रसरण पावतो म्हणून रुळांत फट ठेवतात, हे शाळेतच शिकलेलं असतं. पण थंडीत रूळ लांब होईल कसा? हे रूळ जर्मन सिल्व्हरचे असतात, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूचे. दहा मीटरचा असा रूळ दहा अंश तापमान वाढलं तर जेमतेम पावणेदोन मिलीमीटर वाढतो. तापवलेल्या तळघराचं तापमान वर्षभरात तेवढं बदलतही नाही, आणि हिवाळ्यात बदललं तर उतरतंच. रुळाचा यात दोष नाही.

दोष लाकडाच्या चौकटीचा. उणे दहा अंशांच्या हवेत, ती बाष्पाने काठोकाठ भरलेली असली तरी, घनमीटरमागे सव्वादोन ग्रॅमच्या आसपासच बाष्प मावतं. वीस अंशांच्या हवेत सतरा ग्रॅम मावतं. बाहेरची ती हवा घरात येऊन तापली की तिची सापेक्ष आर्द्रता बारा-तेरा टक्क्यांवर उतरते. स्वयंपाक, आंघोळी, माणसांचे श्वास यांनी ती थोडी वाढते, तरी तिथल्या उन्हाळ्यातल्या साठ-सत्तर टक्क्यांच्या जवळपासही जात नाही. लाकूड हवेतल्या ओलीशी जुळवून घेतं. पावसाळ्यात फुगून अडणारं आणि उन्हाळ्यात सैल पडणारं दार आपल्याला काही नवं नाही. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेला बरंच आकसतं आणि लांबीत फार थोडं, पण दहा मीटरच्या चौकटीत ते थोडंही दोन-तीन मिलीमीटर भरतं. रूळ होता तेवढाच राहतो, त्याच्याखालची भुई आखडते, आणि जास्तीचा झालेला रूळ बाजूला निसटतो. खऱ्या रेल्वेत याच्या अगदी उलट घडतं. तिथे रूळ उन्हाळ्यात वाकतो आणि थंडीत आकसून तडकतो. आपल्याकडेही थंडीच्या रात्री तडकलेला रूळ शोधायला गस्त घालतात. म्हणजे खऱ्या रेल्वेचं पुस्तकी ज्ञान इथे चुकीच्या वाटेला नेतं. ती चूक कळायची तर एका माणसाचा अनुभव पुरत नाही. तुझा रूळ कुठल्या महिन्यात वाकला, खाली प्लायवूड आहे की कागदाच्या लगद्याचा होमासोट, खोली तळघरातली की गॅरेजमधली, हे वीस जणांना विचारावं लागतं. गॅरेजवाल्यांचा अनुभव वेगळा येतो, कारण तिथे तापवण्याची सोय नसते, तापमान खूप खाली-वर होतं आणि धातूचं आकुंचन-प्रसरणही हिशेबात धरावं लागतं. थंडीबद्दलच्या ‘निरुद्योगी’ बोलण्यात हीच विचारपूस चाललेली असते. तिच्यातून कामाचा नियम हाती आला तो असा: रूळ कोरड्या दिवसांत टाकत असाल तर सांधे घट्ट बसवले तरी चालतात, दमट दिवसांत टाकत असाल तर फट सोडा, लाकडाला सगळ्या बाजूंनी रंग देऊन ओलीची ये-जा मंद करा, आणि खोलीत तापमापकाच्या शेजारी आर्द्रतामापकही टांगा.

थंडीचं बोलणं रुळापाशी संपत नाही. पाण्यात कालवलेले रंग आणि पांढरा गोंद वाटेत गोठले की बाद होतात, म्हणून मागवायचे तर थंडी सुरू होण्याआधी. स्प्रेचा डबा गारठला की नीट फवारत नाही. तो कोमट पाण्यात धरून घ्यायचा. कोरड्या हवेत अंगावर साठणारी स्थिर वीज इंजिनाच्या पोटातल्या बोटभर सर्किटला मारू शकते, तेव्हा इंजिन उघडण्याआधी जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावायचा.

हत्यारांच्या बोलण्यात हौस आहे, थोडं मिरवणंही आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. डोक्याला बांधायचं भिंग, टोकदार चिमटे, रूळ कापायची सपाट तोंडाची पक्कड, सुईसारख्या कानशी यांची यादी लांबतच जाते. पण या छंदातलं सर्वांत महत्त्वाचं हत्यार म्हणजे तळहातावर मावणारी धातूची एक सपाट पट्टी. तिच्या कडांना खाचा आणि छोटे दात आहेत. एक जोडी रुळांत टेकवली की दोन रुळांमधलं अंतर बरोबर आहे का ते कळतं. एचओ या ८७ पट लहान मापात ते साडेसोळा मिलीमीटर, आणि सूट जेमतेम अर्ध्या मिलीमीटरची. दुसऱ्या खाचांत चाकांची जोडी बसवून पाहायची. पट्टीची बाहेरची आकृतीही मोजमापासाठीच आहे: ती रुळावर उभी करून बोगद्यातून, पुलातून, फलाटाच्या कडेने सरकवली की डबा कुठे घासेल ते आधीच दिसतं. ही पट्टी अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या मानकांवर बेतलेली आहे. ही संघटना १९३५ साली मिलवॉकी शहरात स्थापन झाली. त्याआधी एका कारखानदाराचं चाक दुसऱ्याच्या रुळावर चालेलच असं नव्हतं. ती अडचण हौशी माणसांनीच एकत्र बसून सोडवली, आणि पुढे कारखानदारांना त्यांचं ऐकावं लागलं.

मानक ठरवणं म्हणजे तडजोड करणं, आणि या मंडळींना तिची किंमत नेमकी ठाऊक असते. ब्रिटिश इंजिनं आकाराने लहान; जुन्या काळच्या विजेच्या मोटरी त्यांच्या साडेतीन मिलीमीटरला एक फूट या एचओच्या प्रतिकृतीत मावेनात. म्हणून तिथे इंजिन चार मिलीमीटरला एक फूट या मापाने मोठं केलं आणि रूळ साडेसोळाचाच ठेवला. परिणामी रूळ इंजिनाला कायमचा अरुंद. ज्यांना ते खुपलं त्यांनी १८.८३ मिलीमीटरचा अचूक रूळ स्वतः घडवायला घेतला आणि बाजारातल्या तयार मालावर पाणी सोडलं. भारतीय रेल्वे करू पाहणाऱ्यापुढेही हाच पेच आहे: आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलीमीटरचा, म्हणजे एचओ मापात सव्वाएकोणीसच्या आसपास. तयार मिळणारा साडेसोळाचा रूळ घ्यायचा की रूळ, चाकं, सांधे सगळं हाताने करायचं? याला एकच बरोबर उत्तर नाही. पण प्रश्न इतका नेमका मांडता येतो, तो या मोजून बोलण्याच्या परंपरेमुळे.

हत्याराबरोबर हातही शिकवावा लागतो. रुळाला विजेची तार डाखायची असते. स्लीपर प्लास्टिकचे, म्हणून नवशिका कमी वॅटचं सोल्डरिंग आयर्न घेतो, वितळायला नको म्हणून. आणि तिथेच फसतो. कमी ताकदीचं आयर्न रूळ तापेपर्यंत बराच वेळ धरावं लागतं, तोवर उष्णता धातूतून पसरते आणि शेजारचे चार स्लीपर मऊ पडतात. जाणकार जास्त ताकदीचं आयर्न घेतो. रुळाची बाहेरची बाजू घासून चकचकीत करतो, कारण आतल्या बाजूने चाकाची कड जाते आणि तिथे गोळा राहून चालत नाही. राळेचा थेंब लावतो, दोन्ही अंगांना ओल्या कापसाचे बोळे ठेवतो, तापलेलं टोक दोन-तीन सेकंद टेकवतो. कथील पाण्यासारखं चमकून तारेत शिरलं की उचलतो. हे वाचून कळतं, पण ते दोन-तीन सेकंद कुणाच्या तरी शेजारी उभं राहून पाहिले की हातात येतात.

यावर आक्षेप येतो की आता हे सगळं तयार मिळतं. रंगवलेली, आवाजासकट धावणारी इंजिनं डब्यातून काढायची आणि रुळावर ठेवायची. मग मोजमाप नि कानशी यांचं कौतुक कशाला? बाजाराने काही प्रश्न हौशी माणसांपेक्षा चांगले सोडवले, हे खरं आहे. डबे जोडायच्या कपलरची गोष्ट घ्या. संघटनेच्या समितीने १९५०च्या दशकात एक आकार सुचवला, तो स्वस्त म्हणून बहुतेक कारखान्यांनी उचलला, पण तो दिसायला ओबडधोबड आणि वागायला बेभरवशाचा होता. शेवटी जिंकला तो ओरेगनमधल्या केडी कंपनीचा चुंबकाने सुटणारा कपलर, आणि योग्यच जिंकला. पण तयार मालाच्या मुळाशीही हौशी माणसांचा करार असतो हे या आक्षेपात सुटून जातं. एकाच रुळावर अनेक इंजिनं स्वतंत्रपणे चालवायची डिजिटल पद्धत १९९०च्या दशकात आली तेव्हा संघटनेने जर्मनीतल्या लेन्झ कंपनीची पद्धत पायाभूत धरून खुलं मानक ठरवलं. म्हणून आज एका कंपनीचा इंजिनातला डीकोडर दुसरीच्या कंट्रोलरला ओळखतो. तो डीकोडर संगणकावरून जुळवायला हौशी प्रोग्रामरांनी जेएमआरआय नावाचं मुक्त सॉफ्टवेअर लिहिलं. त्याच्या परवान्यावरून झालेल्या जेकबसन विरुद्ध कॅट्झर या खटल्यात अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने २००८ साली निकाल दिला की मुक्त परवान्यातल्या अटीही कॉपीराइट कायद्याने बंधनकारक ठरू शकतात. मुक्त सॉफ्टवेअरच्या कायद्यातला हा पायाभूत निकाल खेळण्यातल्या रेल्वेवरून लागला. या छंदाचा ठसा संगणकावर उमटल्याचं त्याआधीचं उदाहरण एमआयटीतलं आहे: १९४६ साली सुरू झालेल्या तिथल्या मॉडेल रेल्वे क्लबात टेबलाखाली टेलिफोन एक्स्चेंजचे रिले जोडत बसणारी काही मुलं पुढे संगणकाच्या पहिल्या हौशी प्रोग्रामरांत गणली गेली.

‘सध्या काय चाललंय’ या प्रश्नाचं उत्तर या छंदात ‘झालं’ असं क्वचितच येतं. लेआउट, म्हणजे मांडलेली सबंध रेल्वे, पुरा होत नाही. कॅलिफोर्नियातल्या माँटेरीत जॉन अॅलन यांनी उभारलेली गोरी अँड डिफीटेड रेल्वे जगातल्या सर्वांत नावाजलेल्या लेआउटांपैकी होती. अॅलन मुळात छायाचित्रकार. गंज, धूळ, काजळी, उन्हाने विटलेले रंग प्रतिकृतीवर आणण्याची दृष्टी अनेकांना त्यांच्याकडून मिळाली. १९७३च्या जानेवारीत ते वारले आणि काही दिवसांतच ती रेल्वे आगीत गेली. ती तेव्हाही पूर्ण झालेली नव्हती. तरी जुने डबे गंजलेले रंगवताना आजही त्यांचीच रीत चालते. ओहायोतल्या डेटनचे अॅलन मॅक्लेलंड यांनी आपल्या व्हर्जिनियन अँड ओहायो या काल्पनिक रेल्वेसाठी ‘पुरेसं चांगलं’ हे तत्त्व मांडलं: प्रत्येक डबा प्रदर्शनात ठेवण्याजोगा करण्याच्या नादात आयुष्य जाईल; सगळं एका सारख्या, समाधानकारक दर्जाला आणा आणि गाड्या चालवा. हे तत्त्व मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्यामुळेच एकट्याचं काम अनेकांचं होऊ शकतं. अशा लेआउटवर आठ-दहा जण जमतात. कुणी यार्ड सांभाळतं, कुणी गाडी चालवतं, कुणी वाहतूक नियंत्रक होतं. प्रत्येक डब्याचं कार्ड असतं, त्यावर तो कुठल्या कारखान्यात जायचा ते लिहिलेलं असतं, आणि भिंतीवर जलद पळणारं घड्याळ असतं. अनेक गावांत हौशी मंडळी आठवड्याचा एक दिवस ठरवून पाळीपाळीने एकेकाच्या घरी कामाला जातात: या आठवड्यात याचे डोंगर, पुढच्या आठवड्यात त्याची वायरिंग. ज्याला सुतारकाम येतं त्याला वीज येत नाही, ज्याला वीज येते त्याला झाडं करता येत नाहीत. काम अपुरं असतं म्हणूनच शेजाऱ्याला बोलावण्याचं कारण उरतं.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे, आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. अमेरिकेतल्या हौशी मंडळींचा सर्वांत आवडता काळ म्हणजे १९५०चं दशक: वाफेची इंजिनं मावळत होती, डिझेल येत होतं, दोन्ही एका रुळावर दाखवता येतात. पण त्याच काळात दक्षिणेकडच्या राज्यांत स्थानकांवर गोऱ्यांची प्रतीक्षागृहं वेगळी होती आणि कृष्णवर्णीयांची वेगळी. ८७ पट लहान गावात गंजाचा डाग अचूक उतरतो आणि ही फाळणी उतरत नाही. मोजून बोलणाऱ्या माणसांनी काय मोजायचं हे कुणी ठरवलं, असा प्रश्न विचारला तर तो रास्त आहे. छंदात पुरुषांचा आणि उतारवयाच्या माणसांचा भरणा आहे, तळघराइतकी जागा आणि इंजिनांइतका पैसा सगळ्यांकडे नसतो, हेही त्याच प्रश्नाचे भाग आहेत. एवढंच म्हणता येईल की या छंदाकडे स्वतःला दुरुस्त करायचं साधन आहे. मालवाहतुकीची जुनी कार्डं आणि कंपन्यांची वेळापत्रकं शोधून काढणाऱ्यांना त्या स्थानकांचे नकाशेही सापडतात, आणि नकाशात दोन प्रतीक्षागृहं स्पष्ट दिसतात. ती बांधायची की गाळायची हा निर्णय मग अज्ञानाचा राहत नाही.

आपल्याकडे पुण्यात, कोथरूडला, भाऊ जोशी यांनी उभं केलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे, आणि शाळेच्या सहलींतून कित्येक मुलांनी चालती मॉडेल रेल्वे पहिल्यांदा तिथेच पाहिली आहे. त्यातल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने घरी रूळ टाकायला घेतला, तर मिनेसोटाचा नियम जसाच्या तसा उपयोगी पडणार नाही. तिथे कोरडे दिवस थंड असतात. आखडणाऱ्या लाकडाबरोबर रूळही थोडा आखडतो, आणि धोका तेवढा कमी होतो. पुण्यात कोरडे दिवस मार्च ते मेचे, म्हणजे नेमके सर्वांत तापलेले. ऑगस्टमध्ये फुगलेल्या लाकडावर घट्ट सांध्याने टाकलेला रूळ एप्रिलमध्ये दोन्हीकडून अडचणीत येईल: खालची चौकट आकसेल आणि वरचा धातू वाढेल, दोन्ही परिणाम एकाच दिशेचे. दहा मीटरच्या लेआउटमध्ये ही बेरीज चार मिलीमीटरच्या घरात जाऊ शकते. मुंबईत आणि कोकणात हवा वर्षभर दमटच असल्याने हा चढउतार कमी, पण पावसात गोंद वाळत नाही आणि लाकडाला बुरशी धरते. नागपूरचा उन्हाळा पुण्याहूनही कडक. म्हणून आपल्याकडे रूळ टाकायचा तो एप्रिलात, आणि पावसाळ्यात टाकावाच लागला तर दर मीटरला अर्ध्या मिलीमीटरची फट सोडून, दोन्ही बाजूंच्या रुळांना विजेची वेगळी तार डाखून. हा माझा कागदावरचा हिशेब आहे. पुणे, रत्नागिरी आणि नागपूर इथल्या तीन खोल्यांत आर्द्रतामापक टांगून, दर महिन्याला फट मोजून तो ताडून पाहायला हवा.